विश्लेषण : बाळाचा हात चुकून लागतो, त्याचे पैसे कोणाला मिळतात?

व्हिडिओ कॉलवर आजी बोलत असते, बाळ तिच्या गालाला हात लावायला जाते आणि कॉल कट होतो. पुन्हा लावला, पुन्हा कट. घरोघरी हा प्रकार गंमत म्हणून सांगितला जातो. खरे तर यात बाळाचे काहीच चुकलेले नसते. स्क्रीनच्या खालच्या भागात दीड-दोन वर्षांच्या मुलाचा तळहात हमखास टेकतो आणि लाल बटणही तिथेच असते, कारण मोठ्या माणसाचा अंगठा तिथवर सहज पोचतो. रचना एकासाठी केलेली आणि फोन दुसऱ्याच्याच हातात.

कॉल परत लावता येतो. पण त्याच जागेवर जाहिरात ठेवली तर? लहान मुलांसाठी म्हणून बनवलेली कितीतरी वेब ॲप आज फोनवर उघडतात. इन्स्टॉल करावी लागत नाहीत, लिंक दाबली की ब्राउझरमध्येच प्राणी, रंग, फुगे, अक्षरे सुरू. चित्रे गोड, संगीत गोड, आणि तळाशी किंवा दोन खेळांच्या मधे जाहिरातीची पट्टी. असे ॲप चांगले की वाईट, हे मी चित्रांवरून ठरवणार नाही. चुकून लागलेल्या हाताचे ते काय करते, यावरून ठरवीन. चांगले ॲप तो हात सोडून देते. वाईट ॲप त्यावर कमावते.

पण मुळात फोन द्यायचाच कशाला?

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच, एक वर्षाच्या मुलांनाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी असेल तर उत्तम. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा.

हे मला पूर्ण मान्य आहे. तरी फोन हातात जातोच. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, एसटीत घाट संपेपर्यंत, पोळ्या होईपर्यंत मूल गॅसजवळ येऊ नये म्हणून. आईबापांना यावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. ज्याने ते पान बनवले, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. अडीच-तीन वर्षांचे मूल दहा मिनिटे फोन हाताळणार असेल, तर त्या दहा मिनिटांचा जाब त्यालाही विचारायला हवा.

ब्राउझरला बाळाचे बोट का कळत नाही?

टचस्क्रीनचे कोणतेही पुस्तकी उदाहरण घ्या, त्यात एकच बोट असते. ते टेकते, चटकन उचलले जाते आणि ब्राउझर त्याला ‘क्लिक’ म्हणतो. यातला बारकावा असा, की क्लिक बोट टेकल्यावर होत नाही, उचलल्यावर होतो. मधल्या वेळात बोट जरा जास्त सरकले, तर तुम्हाला पान वर-खाली करायचे आहे असे ब्राउझर समजतो आणि क्लिक बाद होतो. आपल्याला हे कधी जाणवतही नाही, कारण आपले बोट पाव सेकंदात वर येते.

अडीच वर्षांचे मूल बोट टेकवते, दाबते, दाबून धरते आणि धरल्या धरल्या ओढते. त्याच्या मते त्याने हत्तीला हात लावला. ब्राउझरच्या मते काहीच घडले नाही. मग मूल आणखी जोरात दाबते. आता फोनला वाटते की हा ‘लाँग प्रेस’ आहे आणि हत्तीवर एक यादी उघडते : चित्र डाउनलोड करा, नव्या टॅबमध्ये उघडा, शेअर करा. बोट वरून खाली ओढले, तर पान रिफ्रेश होऊन खेळ पहिल्यापासून सुरू. दोन बोटे लागली, तर हत्ती झूम होऊन त्याचा नुसता कान दिसतो.

फोन धरण्याची पद्धत हा वेगळाच घोळ आहे. इवल्या हातांनी फोन किंवा टॅब धरायचा, तर एक अंगठा कडेवरून आत स्क्रीनवर येतोच. ब्राउझरच्या हिशेबात तो झाला पहिला स्पर्श. कित्येक खेळांचा कोड फक्त पहिल्याच स्पर्शाकडे बघतो, बाकीचे सोडून देतो. म्हणजे नुसता टेकलेला अंगठा मोजला जातो आणि खेळणारे बोट वाऱ्यावर. आईने फोन आपल्या हातात धरला की तोच खेळ नीट चालतो. घरात निष्कर्ष निघतो, ‘अजून त्याला जमत नाही.’

यातले बहुतेक सगळे दुरुस्त करता येते आणि त्यासाठी नवे काही शोधून काढायचे नाही. प्रत्येक स्पर्शाला ब्राउझर वेगळा क्रमांक देतो. तो वापरून प्रत्येक बोटाचा माग वेगळा ठेवता येतो, म्हणजे पाचही बोटे एकदम टेकली तरी पाचांनाही उत्तर मिळते. प्रतिसाद बोट उचलण्याची वाट न पाहता टेकताक्षणी देता येतो. ‘टच-ॲक्शन’ ही सीएसएसची एक ओळ झूम आणि स्क्रोल थांबवते. ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर’ ही दुसरी ओळ ओढून रिफ्रेश होणे थांबवते, क्रोममध्ये ती 2017 च्या अखेरीपासून आहे. लाँग प्रेसची यादीही बंद करता येते. शिवाय ‘टचकॅन्सल’ नावाचा एक संदेश असतो. फोनने मधेच स्पर्श काढून घेतला, उदाहरणार्थ वरून नोटिफिकेशनचा पडदा ओढला गेला, तर ‘बोट उचलले’ असा निरोप येत नाही, त्याऐवजी हा येतो. तो हाताळला नाही, तर ओढलेला फुगा अधांतरी अडकून राहतो आणि मूल त्याकडे बघत बसते.

आता मुख्य मुद्दा. टेकताक्षणी प्रतिसाद द्यायचा तो निरुपद्रवी गोष्टींना. हत्ती चीत्कारला, फुगा फुटला, रंग उमटला, बिघडले काहीच नाही. पण पानाबाहेर नेणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे लिंक, सेटिंग, खरेदी, दुसरा खेळ, एका स्पर्शावर कधीही उघडता कामा नये. बऱ्याच ॲपमध्ये यासाठी ‘तीन सेकंद दाबून धरा’ असे कुलूप असते. ज्याने हे सुचवले त्याने लहान मूल जवळून पाहिलेले नाही. दाबून धरणे हाच तर त्या वयाचा मुख्य धंदा! ‘सात गुणिले सहा’चे उत्तर टाइप करायला लावा, किंवा वाचूनच कळेल अशी सूचना द्या. वाचता न येणे हे त्या वयाचे सगळ्यात भरवशाचे कुलूप आहे.

ब्राउझरची एक अडचण इथे उपयोगी पडते. पान उघडल्या उघडल्या आवाज वाजवायला ब्राउझर मज्जाव करतात. क्रोमने 2018 मध्ये हा नियम कडक केला. वापरणाऱ्याने आधी एक टॅप केला पाहिजे आणि फोनवर तो बोट उचलल्यावरच धरला जातो. मुलांचे खेळ बनवणारे यावर वैतागतात. मला ही सोय वाटते. पहिले पान पालकांसाठी ठेवा. त्यावर ‘सुरू करा’चे बटण ठेवा, फोन लॉक कसा करायचा ते दोन ओळींत सांगा आणि मग फोन मुलाच्या हातात जाऊ द्या.

फोन लॉक करणे गरजेचे आहे, कारण वेब पानाची ताकद तिथे संपते. पान फुल स्क्रीन होऊ शकते, पण कडेवरून बोट सरकवले की मूल बाहेर, थेट आईच्या व्हॉट्सॲपवर. अँड्रॉइडमध्ये 2014 पासून स्क्रीन पिन करण्याची सोय आहे. आयफोनमध्ये त्याहीआधी, 2012 पासून, ‘गाइडेड ॲक्सेस’ आहे आणि त्यात स्क्रीनचा नको तो भाग बोटाने गोल करून बंदही करता येतो. ही सोय आपल्या खिशात आहे, हे किती पालकांना कुणी सांगितले असेल?

बटण केवढे हवे?

ॲपलची शिफारस 44 पॉइंटची, गूगलची 48 डीपीची. साध्या भाषेत सात ते नऊ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाएवढे. लहान मुलांसाठी दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊच नये, असे माझे मत आहे. फोनची स्क्रीन जेमतेम साडेसहा-सात सेंटिमीटर रुंद. एका ओळीत दोन चित्रे मावतील, फार ओढून तीन. बाराखडीचा अख्खा तक्ता मावणार नाही. न मावलेलाच बरा. ‘सेसमी स्ट्रीट’ बनवणाऱ्या सेसमी वर्कशॉपने 2012 मध्येच आपल्या चाचण्यांवरून सांगून ठेवले होते, की साधा टॅप या मुलांना सहज जमतो, दोनदा टॅप करणे आणि चिमटीने झूम करणे अवघड जाते, आणि मनगट टेकते ती खालची कड मोकळी ठेवावी. खालची कड मोकळी ठेवा! हे वाक्य वाचून आजची कोणतीही चार पाने उघडून बघा.

मग स्क्रीनवर कुठेही हात लागला तरी टाळ्या?

असेही नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हेदर किर्कोरियन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दोन ते तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. व्हिडिओतून नवा शब्द शिकायचा होता. त्यातली सगळ्यात लहान, म्हणजे नुकती दोन वर्षांची मुले, विशिष्ट जागीच बोट लावावे लागले तेव्हा शब्द शिकली. स्क्रीनवर कुठेही बोट लावून चालत होते, तेव्हा त्यांना फायदा झाला नाही. थोड्या मोठ्या मुलांत चित्र उलटे होते. त्यामुळे ‘इंटरॲक्टिव्ह म्हणजे शैक्षणिक’ हे समीकरण कुणी ऐकवले, तर आधी मुलाचे नेमके वय विचारा.

मी यातून असा अर्थ घेतो की हात माफ करावा, पण उत्तर नेमके द्यावे. कुत्र्याच्या आसपास बोट पडले तरी कुत्राच भुंकावा. मोकळ्या जागेवर पडले तर एक हलका ठिपका उमटावा, बस्स. प्रत्येक स्पर्शाला चांदण्या, टाळ्या आणि ‘शाब्बास’ मिळू लागली, की मूल टाळ्यांसाठी स्क्रीन बडवते, कुत्रा राहतो बाजूला. माँटेसोरींच्या साधनांत ठोकळा चुकीच्या खाचेत बसतच नाही. चूक मुलाला हातालाच कळते, कुणी ‘चूक!’ म्हणून भोंगा वाजवत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या बिया, खडे, शंख-शिंपले यांचीच साधने केली. आपल्या ॲपमध्ये मात्र अजून लाल छपराचे परदेशी गोठे आणि त्यात ‘मू’ करणारी गाय. मराठी घरातल्या दोन वर्षांच्या मुलाची गाय ‘हम्मा’ असते, मांजर ‘माऊ’, कुत्रा ‘भूभू’. त्याच्या जगात कुकरची शिट्टी आहे, रिक्षाचा हॉर्न आहे, खिडकीवरचा काऊ आहे. हे आवाज टिपायला स्टुडिओ लागत नाही, स्वयंपाकघरात मोबाइल धरला तरी पुरे.

पैसा येतो कुठून?

मिशिगन विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की यांच्या गटाने 2018 मध्ये पाच वर्षे व त्याखालील मुलांत लोकप्रिय असलेली 135 ॲप तपासली. त्यातल्या 95 टक्के ॲपमध्ये किमान एका प्रकारची जाहिरात होती. खेळ मधेच थांबवून येणारे व्हिडिओ होते, खेळातल्याच वस्तूसारख्या दिसणाऱ्या जाहिराती होत्या. एका खेळात तर पैसे देऊन घ्यायची वस्तू नाकारली की कार्टून मान हलवून रडायला लागते. पंचविशीतल्या माणसाला याचे हसू येईल. तीन वर्षांच्या मुलाला ते खरोखरच रडताना दिसते.

ही तपासणी स्टोअरवरच्या ॲपची होती, जिथे निदान एक दरवान असतो. प्ले स्टोअरचे मुलांच्या ॲपसाठी वेगळे नियम आहेत. वेब पानाला असा कुणी विचारत नाही. डोमेन घ्या, दहा खेळ टाका, जाहिरातीचा कोड चिकटवा, सुरू. चुकून क्लिक व्हावे अशा रीतीने जाहिरात ठेवू नका, हा नियम गूगलच्या जाहिरात सेवेतही आहे. पण जिथे वापरणाऱ्याचा प्रत्येक स्पर्श चुकूनच असतो, त्या पानावर हा नियम पाळायचा कसा? माझे उत्तर सरळ आहे. तीन वर्षांखालच्यांसाठी म्हणवणाऱ्या पानावर मुलाच्या हाताखाली जाहिरात नकोच. ‘मग खर्च कसा निघणार’ हा प्रश्न खोटा नाही. पण असे पान म्हणजे काही मेगाबाइट चित्रे आणि आवाज. एकदा उतरले की सर्व्हिस वर्करच्या मदतीने इंटरनेटशिवाय चालते. सर्व्हरचा खर्च किरकोळ. पैसे हवे असतील तर पालकांच्या पानावर, पालकांकडून, त्यांना कळेल अशा भाषेत मागावेत.

मुलांच्या बोटांनी झालेल्या खरेदीचा हिशेब अमेरिकेत यापूर्वी झालेला आहे. एकदा पासवर्ड टाकला की पुढची काही मिनिटे तो पुन्हा न विचारता खरेदी होत असे आणि मुले खेळता खेळता आईबापांचे पैसे उडवत. फेडरल ट्रेड कमिशनसोबत झालेल्या तडजोडीत 2014 मध्ये ॲपलला किमान 3.25 कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य करावे लागले, गूगलला 1.9 कोटी.

आपला कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील सगळी मुले ‘बालक’ आहेत. त्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. हे मोडल्यास दंड 200 कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. चांगले आहे, पण हा कायदा डेटाबद्दल बोलतो, बटणाच्या जागेबद्दल नाही. कुणाचाही माग न ठेवता सरसकट दाखवलेली जाहिरात बाळाच्या तळहाताखाली ठेवली, तर तिला यात अडवणारे काही नाही.

त्यापेक्षा जवळचा आधार ग्राहक कायद्यात सापडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या 13 प्रकारांत वेश बदललेली जाहिरात आहे, फसवी मांडणी आहे, लाजवून होकार घेणेही आहे. रडणारे कार्टून यात सहज बसते. पण ही तत्त्वे ऑनलाइन खरेदी करणारा मोठा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली दिसतात. ब्रिटनने 2021 पासून मुलांसाठीच्या डिझाइनची 15 मानके लागू केली आणि त्यात मुलाला ढकलत नेणाऱ्या युक्त्यांचा वेगळा उल्लेख केला. आपल्या 13 प्रकारांत चौदावा जोडायला हरकत नसावी : वाचता न येणाऱ्या वयासाठी बनवलेल्या पानावर एका स्पर्शात बाहेर नेणारी कोणतीही गोष्ट.

खेळ संपतो की संपतच नाही?

‘पुढचा खेळ’ आपोआप सुरू होणे हीसुद्धा जाहिरातीचीच बहीण. मुलाने काही निवडलेले नसते, पण आकडेवारीत वेळ वाढलेला दिसतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद करताना काय घडते, याचा अभ्यास केला. ‘दोनच मिनिटे राहिली हं’ अशी सूचना दिली की मुले कमी नव्हे, जास्त चिडत. कार्यक्रम किंवा खेळ आपला आपण संपला, तर मात्र ती तुलनेने शांतपणे उठत. म्हणजे आईपेक्षा फोननेच ‘झाले’ म्हटलेले मुलांना पटते. डिझायनरला हे किती स्वस्तात जमण्यासारखे आहे! आठ-दहा मिनिटांनी सूर्य मावळावा, हम्मा बसावी, माऊ झोपावी, स्क्रीन हळूहळू काळी व्हावी आणि त्यानंतर कितीही बडवली तरी काही होऊ नये. ‘पुन्हा खेळ’चे बटण पालकांच्या कुलपाआड.

घरी कसे तपासाल?

फोन मुलाला देण्याआधी पाच मिनिटे काढा. पान उघडा, डावा अंगठा कडेला टेकवून ठेवा आणि उजव्या बोटाने खेळून बघा. मग पूर्ण तळहात स्क्रीनच्या खालच्या भागावर ठेवून पाच सेकंद दाबा. बोट वरून खाली ओढा. चित्र दाबून धरा. दोन मिनिटे हे केल्यावर तुम्ही अजून त्याच पानावर असाल, तर ठीक. दुसऱ्या टॅबमध्ये, ॲप स्टोअरमध्ये किंवा कुठल्या तरी ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवर पोचला असाल, तर ते पान बंद करा आणि शोधूनही सापडू नये म्हणून ब्राउझरच्या हिस्टरीतूनही काढा. एअरप्लेन मोड लावून खेळ चालतो का तेही बघा. चालत असेल तर तसाच चालवा, नवी जाहिरात यायला मग वाटच उरत नाही. कुठे जाहिरात खेळाच्या वस्तूचा वेश घेऊन बसलेली दिसली, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि डार्क पॅटर्नच्या तक्रारी तिथे नोंदवता येतात. तक्रार पालकांनीच करायची आहे. ज्याचा हात लागला, त्याला अजून धड बोलताही येत नाही.